चौथ्या चौकातला खो

बाहेरून बघणाऱ्याला खो-खो हा पळण्याचा खेळ वाटतो. जो खेळलाय त्याला विचारा, निम्मा खेळ बसण्याचा आहे. मध्यरेषेवर आठ चौक, आठ जणी बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. बोटं मातीला टेकलेली, टाच उचललेली, नजर पळणारीवर आणि कान पाठीमागे. नववी मागून धावत येते, पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो आणि सुटायचं. खो मिळायच्या आधी उठलं तर फाऊल. खो मिळून क्षणभर जास्त बसलं तर पळणारी खांबापलीकडे. या दोन्हींच्या मधे केसाएवढी फट आहे. ती पकडायला शिकवण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत.

सकाळी मी पतसंस्थेत नोकरी करते आणि संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवते. मानधन नाही, ते मी कधी मागितलंही नाही. मी स्वतः बारा वर्षं खेळले. खेळणं सुटल्यावर मैदान सोडवेना, एवढंच त्यामागचं कारण.

चौथ्या चौकात मी जिला बसवायचे ती पोर या फटीत एकदम पक्की होती. तिच्या पाठीला जणू डोळे होते. जिल्हा स्पर्धेची अंतिम लढत, शेवटची पाळी, आक्रमण आमचं, शेवटचं मिनिट. आणखी एक गडी बाद झाला असता तर बरोबरी होती. पळणारी तिसऱ्या आणि चौथ्या चौकामध्ये हुलकावण्या देत होती. मागून आमची मुलगी आली, हात पुढे झाला आणि थाप पडायच्या आत ही उठली. शिट्टी वाजली. फाऊल. मी रेषेबाहेरून ओरडले, “अगं, किती वेळा सांगायचं तुला!”

तिची मान माझ्याकडे वळली. काही सेकंदांत दुसऱ्या बाजूने खो पुन्हा तिच्याच पाठीवर आला, तेव्हाही ती माझ्याकडेच बघत होती. उठायला उशीर झाला. एकाच मिनिटात तिनं आधी घाई केली आणि मग उशीर. आम्ही एका गुणाने हरलो.

येताना एसटीत मी तिच्याशी बोलले नाही. ठरवून बोलले नाही. आज ते आठवलं की पोटात कालवतं. चौदा-पंधरा वर्षांची पोर खिडकीशी बसून दीड तास बाहेर बघत होती आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, दोन बाकं मागे बसून तिला शिक्षा करत होते.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. आजी आजारी आहे, असा निरोप आला. मग क्लासची वेळ बदलली. मग काहीच निरोप नाही. तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. आईने चहा टाकला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. आई आत गेल्यावर मी विचारलं, “का गं येत नाहीस?” बराच वेळ ती शेंगा फोडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, “ताई, खेळताना मला तुमचाच आवाज ऐकू येतो. खो ऐकूच येत नाही.”

मला हे वाक्य कळायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. खो-खो खेळणाऱ्या मुलीला खो ऐकू येत नाही, कारण तिच्या कानात मी बसले आहे.

*

मी अशी का ओरडते, याचं उत्तर माझ्याकडे कायम तयार असायचं. आमचे सरही ओरडायचे आणि म्हणून आम्ही घडलो. आमच्या पिढीतला कोणताही खेळाडू हेच सांगेल. तालमीतला पैलवान वस्तादाच्या काठीची आठवण अभिमानाने काढतो. पाठीवर वळ उठला नाही तर शिष्य कसला, अशी आपल्याकडची समजूत. आमच्या सरांनी मला आठ वर्षांत एकदाही ‘छान’ म्हटलं नाही. राज्य स्पर्धेत सूर मारून खांबापाशी गडी टिपला तेव्हाही ते म्हणाले, “उठताना डावा पाय जड पडतोय.” मी तेही वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आले.

याच भावनेने आपण सगळे आचरेकर सरांची गोष्ट सांगतो. रमाकांत आचरेकरांनी शिवाजी पार्कवर किती पोरं घडवली याची मोजदाद नाही. 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 साली पद्मश्री. पण लोकांच्या तोंडी राहिली ती दुसरीच गोष्ट. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर सचिन तेंडुलकर निरोपाचं बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याने सांगितलं की 29 वर्षांत सरांनी मला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही. पोरगं हवेत जाईल, मेहनत सोडेल, अशी त्यांना धास्ती होती. आता पुढे सामनाच उरलेला नाही, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही, असंही तो हसत म्हणाला. त्या दिवशी टीव्हीसमोर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी मैदानावर मी मुलींना हेच ऐकवलं: बघा, सचिनला कधी शाबासकी मिळाली नाही, तुम्हाला कशाला हवी?

त्याच भाषणातलं दुसरं वाक्य मात्र माझ्या कानावरून गेलं होतं. सर मला त्यांच्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात दोन-दोन सामने खेळायला मिळावेत म्हणून, हेही त्याने तिथेच सांगितलं होतं. शिवाजी पार्क ते आझाद मैदान म्हणजे मुंबईतलं काही जवळचं अंतर नव्हे. एका पोराला बॅट हातात धरायला अजून एक संधी मिळावी म्हणून एक मोठा माणूस आपली दुपार उन्हात घालवतो, आणि ते पोर मागच्या सीटवर बसून हे सगळं बघत असतं. त्या पोराला ‘छान खेळलास’ हे शब्दांत कशाला सांगायला हवं? सरांच्या लेखी आपण कोण आहोत हे त्याला रोज स्कूटरवर कळत होतं. त्यांचं न बोलणं त्या स्कूटरच्या जिवावर चालायचं. आम्ही प्रशिक्षकांनी त्यातलं न बोलणं उचललं, कारण ते फुकट होतं. स्कूटरला पेट्रोल लागतं.

आणि तो रुपया. दिवसभराच्या सरावाने पोरगं थकलं की सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज सचिनला बाद करेल त्याला रुपया, आणि सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर रुपया त्याचा. अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत. मला या युक्तीचं फार अप्रूप वाटतं. तिच्यात शाबासकी नाही, दटावणी नाही. सर बाजूला होतात आणि पोराचं सगळं लक्ष चेंडूवर जातं. सर काय म्हणतील हा प्रश्न त्या पंधरा मिनिटांत त्याच्या डोक्यात येतच नाही. थकलेल्या शरीराला सावध ठेवायला एक नाणं पुरतं.

मग मला आमच्या सरांचं आठवलं. आम्ही अनवाणी खेळायचो. मैदानाच्या कडेला बाभळी होत्या, आठवड्यात एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या पायात काटा मोडायचा. सरांच्या खिशाला कायम एक मोठी सेफ्टी पिन टोचलेली असायची. सराव थांबवून ते चुन्याच्या रेषेवरच मांडी घालून बसायचे, पाय गुडघ्यावर घ्यायचे, पिन काडीच्या जाळावर धरायचे आणि शांतपणे काटा काढायचे. चष्मा नाकावर घसरलेला, जीभ किंचित बाहेर आलेली. तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून एक शब्द निघत नसे. निघालेला काटा तळहातावर घेऊन ते आम्हाला दाखवायचे: “हा बघ. आता पळ.”

सरांकडून मी ओरडणं घेतलं. पिन घ्यायची राहून गेली.

*

रागावल्याने खेळ सुधारतो हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं असतं, हीच खरी अडचण आहे. आज एखादी मुलगी वाईट खेळली, मी झापलं, उद्या ती बरी खेळली. परवा दुसरी फार सुंदर खेळली, मी पाठ थोपटली, तेरवा तिचा खेळ घसरला. असं वर्षभर दिसत राहिलं तर कुणीही म्हणेल की दटावणी लागू पडते आणि कौतुकाने पोरं बिघडतात.

डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट पकडली. पुढे 2002 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ही घटना त्याच्या कितीतरी आधीची. इस्रायलच्या हवाई दलातल्या विमान-प्रशिक्षकांना ते शिकवत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. ज्याची कसरत छान झाली त्याचं कौतुक केलं की पुढच्या वेळी तो चुकतो, आणि ज्याला झापलं तो पुढच्या वेळी सुधारतो. काहनमनच्या लक्षात आलं की या माणसाचं बघणं बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ चुकला आहे. फार चांगल्या दिवसानंतर बहुतेक वेळा साधा दिवस येतो आणि फार वाईट दिवसानंतरही साधाच. तुम्ही बोला किंवा बोलू नका. त्यांनी तिथेच प्रशिक्षकांना पाठमोरं उभं केलं आणि मागच्या खुणेवर नाणी फेकायला लावली. पहिली फेक जवळ पडली होती त्यांची दुसरी बहुतेक लांब गेली आणि ज्यांची लांब पडली होती त्यांची जवळ आली. कुणी कुणाला शाबासकी दिली नव्हती, कुणी कुणाला झापलंही नव्हतं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणजे इतकी वर्षं ज्या सुधारणेचं श्रेय मी माझ्या घशाला देत होते, ती आपली आपण होणार होती? मुलगी जशी खेळणार होती तशीच खेळत होती. मधल्या मधे मी ओरडत होते आणि त्याची किंमत ती मोजत होती.

आणि ही किंमत लहान नसते. आमच्याकडे दहावी-बारावीला खेळाचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. शेतमजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलीसाठी जिल्हा संघातलं नाव ही पुढची सगळी वाट असू शकते, आणि ती यादी प्रशिक्षकाच्या हातात असते. जिच्या हातात यादी आहे तिला ‘माझा गुडघा दुखतो’ असं कोण सांगेल? एक मुलगी घोट्याला सूज असताना दोन सामने खेळली होती. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून. तेव्हा मी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं होतं. आता वाटतं, ती जिद्द नव्हती, ती मला घाबरली होती.

*

त्या अंतिम लढतीचं चित्रण एका मुलीच्या वडिलांनी मोबाइलवर केलं होतं. मी ते मागून घेतलं. मुलींचा खेळ बघण्यासाठी घेतलं होतं, पण दुसऱ्यांदा बघताना वही घेऊन बसले आणि माझाच आवाज मोजायला लागले. नऊ मिनिटांच्या त्या एका पाळीत मी एकोणसत्तर वेळा ओरडले होते. त्यातली बरीचशी वाक्यं म्हणजे ‘ऊठ’, ‘पळ’, ‘अगं काय हे’, ‘लक्ष कुठंय’. ज्यातून एखादीला पुढे काय करायचं हे कळेल अशी वाक्यं सहा निघाली. मी स्वतःला फार शिकवणारी समजत होते. कुणी शपथेवर विचारलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं की मी चुका समजावून सांगते.

असं समजणारी मी एकटीच नव्हते, हे नंतर वाचनात आलं. अमेरिकेत सिएटलला रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोघांनी सत्तरच्या दशकापासून लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचा अभ्यास केला. मैदानाशेजारी माणसं बसवून प्रशिक्षकाचं प्रत्येक वागणं टिपलं आणि मग प्रशिक्षकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं. आपण कसे वागतो याची प्रशिक्षकांची कल्पना बहुतेक बाबतीत टिपणांशी जुळली नाही. मुलांनी सांगितलेलं जास्त जुळलं. पुढे त्यांनी काही प्रशिक्षकांना थोडंसंच प्रशिक्षण दिलं: चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग नेमकं काय करायचं ते सांगा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांच्या प्रशिक्षकांना हे शिकवलं नव्हतं त्या मुलांपैकी 26 टक्के पुढच्या हंगामात आलीच नाहीत. ज्यांच्या प्रशिक्षकांना शिकवलं होतं त्यांच्यात हे प्रमाण 5 टक्के होतं. दोन्हींच्या जिंकण्या-हरण्यात काही फरक नव्हता. सगळ्यात जास्त फायदा झाला तो स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलांना.

26 हा आकडा बघितला आणि माझ्या डोळ्यांसमोर वर्षावर्षाच्या हजेरी-वह्या आल्या. दर जूनमध्ये पंचवीस-तीस नावं, दिवाळीपर्यंत पंधरा. मी म्हणायचे, ज्या टिकल्या त्या खऱ्या खेळाडू. गेलेल्यांकडे कधी बघितलंच नाही. त्यांच्यातली कोण काय झाली असती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग काय दिवसभर शाबासकी वाटत बसायचं? तसंही नाही, आणि हे मला जॉन वूडनमुळे कळलं. यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला या माणसाने बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्याच्या शेवटच्या हंगामात, 1974-75 साली, दोन संशोधक सरावाला जाऊन बसले आणि त्याच्या तोंडचं वाक्य न् वाक्य टिपत राहिले. निम्मं बोलणं निव्वळ सूचनांचं निघालं: काय करायचं, कसं करायचं. कौतुक शंभरात सातच्या आसपास आणि नुसतं रागावणंही जवळजवळ तेवढंच. आमचे सर ‘डावा पाय जड पडतोय’ म्हणायचे ते याच जातीचं होतं. ते मला त्या वयात कोरडं वाटायचं, पण त्याचा अर्थ असा होता की गर्दीत, धुळीत, आरडाओरड्यात या माणसाने माझा डावा पाय बघितला आहे. नेमकी सूचना द्यायला आधी नीट बघावं लागतं. ‘लक्ष कुठंय’ म्हणायला काहीच बघावं लागत नाही.

*

मी पुन्हा त्या ओट्यावर गेले. या वेळी आईसमोरच सांगितलं की चूक माझी होती. आईला ते विचित्र वाटलं असावं. बाईंनी पोरीची माफी मागणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. पोर काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ती मैदानावर आली, पण कडेला उभी राहून बघत राहिली. तीन दिवस तशीच उभी होती. मी बोलावलं नाही, फक्त चौथा चौक रिकामा ठेवला. आठ चौकांत सात जणी घेऊन सराव करणं फार गैरसोयीचं असतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती येऊन बसली.

माझी सवय काही एका रात्रीत गेली नाही. जीभ आवरायला मी तोंडात लवंग धरायला लागले. पहिल्या महिन्यात कितीतरी लवंगा चावून टाकल्या. चूक झाली की मुलींची मान माझ्याकडे वळायची ती वळतच राहिली. मग मी जागा बदलायला लागले, कधी खांबामागे उभी राहायचे, कधी पायऱ्यांवर वर जाऊन बसायचे, म्हणजे वळलेल्या मानेला मी सापडायचे नाही. आम्ही एक नियम केला. पाळी संपल्यावर आधी मुलींनी बोलायचं, मी शेवटी, आणि मी प्रत्येकीला एकच गोष्ट सांगायची. सुरुवातीला कुणी बोलेना. सगळ्या मातीत रेघोट्या मारत बसायच्या. आता त्यांना थांबवावं लागतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. आम्ही तो सामना शाळेच्या व्हरांड्यात एका फोनभोवती वीस डोकी जमवून बघितला. त्यानंतर मैदानावर गर्दी वाढली. आईवडील स्वतः येऊन मुलींची नावं देतात आणि हळूच सांगतात, “ताई, जरा कडक ठेवा हं तिला.” मी हो म्हणते, आणि त्यांना कडेच्या कट्ट्यावर अर्धा तास बसून सराव बघायला सांगते.

मागच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत हरलो. चौथ्या चौकातल्या मुलीने दोन गडी टिपले आणि एकदा खो द्यायला चुकली. पंचांची शिट्टी वाजली तेव्हा तिची मान अर्धी वळली होती, आणि तिथूनच परत पळणारीकडे गेली. मी ते पायऱ्यांवरून बघितलं. येताना एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. पिशवीतून शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा काढून निम्मा मला दिला. तिचा खो कुठे चुकला हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “ताई, मी पुढे निघून गेले होते. मागून द्यायला पाहिजे होता. हात लांब केला तेव्हाच कळलं मला.”

मी तेच सांगणार होते. मग आम्ही चिक्की खाल्ली.